लागोसच्या लग्नाला जाताना: 'असो-एबी', 'गेले' आणि कपड्यांची पूर्ण तयारी

नायजेरियातल्या लग्नाचं आमंत्रण आलं की कपाट उघडण्याआधी आमंत्रण देणाऱ्याला फोन करा. लागोस, इबादान, अबेओकुटा या योरुबा भाषकांच्या पट्ट्यात लग्नघरचे लोक आपल्या माणसांसाठी ठरावीक कापड निवडतात. त्याला असो-एबी म्हणतात. वधूच्या घरचं एक, वराच्या घरचं दुसरं, वधूच्या मैत्रिणींचं तिसरं, आईच्या मैत्रिणींचं चौथं, असे रंग वाटून दिलेले असतात. तुम्ही कुणाचे पाहुणे आहात हे हॉलमध्ये शिरताक्षणी तुमच्या कपड्यांवरून कळतं. त्यामुळे कितीही सुंदर पोशाख एकट्याने ठरवून नेला, तरी तो चुकीच्या रंगाचा असेल तर तुम्ही नको त्या घोळक्यात मोजले जाता.

हा लेख मुख्यतः योरुबा लग्नाबद्दल आहे. आफ्रिकेतल्या लग्नाला निघालेल्या आपल्याकडच्या माणसाला सर्वांत जास्त तयारी इथेच लागते. नायजेरियातल्याच इग्बो आणि हौसा समाजांत, आणि इतर देशांत जे वेगळं आहे ते पुढे येईल.

फोनवर काय विचारायचं

पहिला प्रश्न: कोणकोणत्या समारंभांना बोलावलं आहे? योरुबा लोक ज्याला 'एंगेजमेंट' म्हणतात तो आपला साखरपुडा नव्हे. तेच पारंपरिक लग्न. वर आणि त्याचे मित्र मुलीच्या आईवडिलांसमोर साष्टांग लोटांगण घालतात, दोन्हीकडच्या सूत्रधार बायका गाणी म्हणत, चिमटे काढत कार्यक्रम पुढे नेतात, आणि पाहुणे पारंपरिक कपड्यांत असतात. ख्रिस्ती कुटुंबात त्यानंतर चर्चमधलं 'व्हाइट वेडिंग' आणि स्वागत समारंभ असतो, मुस्लिम कुटुंबात निकाह. कधी सगळं एकाच शनिवारी उरकतात, कधी पारंपरिक विधी आदल्या गुरुवारी किंवा शुक्रवारी. दोन समारंभांना दोन वेगळी कापडंही असू शकतात.

दुसरा प्रश्न: माझ्यासाठी असो-एबी आहे का, आणि कोणत्या गटाचं? वधू-वर दोघंही ओळखीचे असतील तर ज्याने आधी बोलावलं त्याच्या बाजूचं कापड घ्या आणि दुसऱ्याला तसं सांगून टाका. दोन्हीकडची कापडं घेऊन मधेच कपडे बदलणारेही असतात, पण बाहेरगावच्या पाहुण्याने या फंदात पडू नये.

तिसरा प्रश्न: पूर्ण कापड घ्यायचं की फक्त डोक्याचं? हा पर्याय बऱ्याच जणांना माहीत नसतो. बायकांना नुसतं गेले, म्हणजे डोक्याला बांधायचं कापड, आणि पुरुषांना नुसती फिला, म्हणजे टोपी, घेता येते. बाकी कपडे स्वतःचे. परदेशातून येणाऱ्याला हा सर्वांत सुटसुटीत आणि स्वस्त मार्ग आहे, आणि कुणी त्याला कमी लेखत नाही.

पैशांचं आधीच नीट समजून घ्या. असो-एबी हा आहेर नाही. पाहुणा ते विकत घेतो. वधूची मैत्रीण किंवा मावशी-काकू रंग, किंमत, खाते क्रमांक आणि शेवटची तारीख कळवते. किंमत बाजारभावापेक्षा थोडी जास्त असू शकते. घासाघीस करू नका, कारण त्यातून लग्नखर्चाला हातभार लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. परवडत नसेल तर लवकर आणि स्पष्ट कळवा, म्हणजे कापडाचा आकडा चुकत नाही. घेतो म्हणून शेवटपर्यंत झुलवत ठेवणं मात्र लोकांच्या लक्षात राहतं.

रंगाचं नाव ऐकून कापड घेऊ नका. 'शॅम्पेन गोल्ड', 'टील', 'बर्न्ट ऑरेंज' ही नावं दुकानागणिक बदलतात. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढलेला फोटो मागवा. चपला, पर्स, दागिने त्या फोटोवरून ठरवा.

कापड किती आणि कोणतं

मापं वारांत चालतात, त्यामुळे मराठी घरात हिशेब लगेच समजतो. लेस पाच वारांच्या तुकड्यात मिळते, म्हणजे सुमारे साडेचार मीटर. अंकारा, म्हणजे मेणछपाईचं रंगीत सुती कापड, सहा वारांत मिळतं, सुमारे साडेपाच मीटर. बाईच्या पारंपरिक पोशाखात बूबा (सैल ब्लाउज) आणि इरो (कमरेला गुंडाळायचं वस्त्र) असतं. दोन्हीला मिळून चार-साडेचार वार पुरतात. उरलेल्या तुकड्यातून बाह्यांची झालर किंवा पर्स निघते. मजला झाडणारा, खाली फुललेला गाऊन हवा असेल तर पाच वार अपुरे पडू शकतात. शिंप्याला विचारूनच दुसरा तुकडा मागवा.

आता साहजिक येणारा विचार: या कापडाची साडीच नेसली तर? लेसची नाही होत, कारण पाच वारांत निऱ्या आणि पदर दोन्ही निघत नाहीत. अंकाराची लांबी सहावारीइतकी भरते, पण ते कांजी दिल्यासारखं ताठ असतं, निऱ्या फुगून उभ्या राहतात आणि पदर खांद्यावर बसत नाही. त्यापेक्षा लेसचा ब्लाउज शिवून खाली त्याच रंगाची साधी साडी नेसणं दिसायलाही चांगलं आणि असो-एबीचा मानही राखणारं.

सर्वांत मानाचं कापड असो-ओके. हे ओयो राज्यातल्या इसेयिनसारख्या गावांत अरुंद मागावर विणतात. वीतभरापेक्षा कमी रुंदीच्या लांब पट्ट्या विणायच्या आणि त्या कडेला कडा जोडून कापड तयार करायचं. जुन्या प्रकारांत गडद निळं एतू, रानरेशमाचं बदामी सान्यान आणि तांबडं अलारी ही तीन नावं प्रतिष्ठेची. पारंपरिक समारंभात वधू-वरांच्या अंगावर बहुधा हेच असतं. पाहुण्याने संपूर्ण असो-ओके घालण्याची गरज नाही. गेले किंवा फिला त्याची असली की पुरे.

खरेदी लागोसमध्येच करायची असेल तर लागोस आयलंडवरचा बालोगुन आणि त्याला लागून असलेला इडुमोटा हे कापडाचे मोठे बाजार, आणि याबामधला तेजुओशो. कुणीतरी स्थानिक बरोबर असू द्या. अंकारा घेताना काठावर छापलेलं उत्पादकाचं नाव वाचा. हॉलंडच्या हेलमंडमध्ये 1846 पासून चालत आलेल्या व्लिस्कोच्या कापडाच्या नकला भरपूर मिळतात. चांगल्या मेणछपाईत रंग दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. उलट बाजू फिकी असेल तर ती साधी छपाई.

शिलाई: इथेच बहुतेकांचं बिघडतं

डिसेंबर हा लागोसमध्ये लग्नांचा हंगाम. परदेशी गेलेली माणसं सुट्टीला घरी येतात आणि प्रत्येक शनिवार भरलेला असतो. त्या महिन्यात शिंपी आठवड्यात कपडे देतो म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. कापड लग्नाआधी सहा ते आठ आठवडे हातात यावं, चार आठवडे आधी शिवायला पडावं, दहा दिवस आधी पहिलं घालून बघणं व्हावं. भारतातून जाणार असाल तर कापड कुरिअरने मागवून पुण्या-मुंबईतच शिवून घ्या. जड भरतकामाचे ब्लाउज शिवणाऱ्या आपल्याकडच्या शिंप्यांना लेस अवघड जात नाही, फक्त पुढच्या गोष्टी त्यांना सांगाव्या लागतात.

अस्तर. लेसची बरीच कापडं जाळीवर भरलेली असतात, त्यामुळे अस्तराचा रंग कपड्याचा रंग बदलून टाकतो. नमुन्याच्या फोटोत अंगाच्या रंगाचं अस्तर असतं, पण दुकानात 'स्किन कलर' म्हणून मिळणारं गुलाबट कापड आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर पट्टी चिकटवल्यासारखं दिसतं. अस्तराचे तीन-चार तुकडे मनगटाच्या आतल्या बाजूला नाही, तर दंडावर धरून उन्हात बघा, कारण कपड्यातून दंड आणि गळा दिसणार आहे. निवड जमत नसेल तर सरळ लेसच्याच रंगाचं अस्तर लावा. तीन वार पुरतं.

काठ. लेसच्या दोन्ही लांब कडांना कंगोरे असतात. तोच कापडाचा सर्वांत देखणा भाग. शिंप्याला आधीच बजावा की कंगोरे कापायचे नाहीत. ते घेराला आणि बाह्यांच्या टोकाला आले पाहिजेत. घाईतला शिंपी नेहमीसारखं कापड घालून कापतो, कंगोरे शिवणीत जातात आणि खाली साधी दुमड येते. एकदा कापल्यावर यावर इलाज नाही.

खडे आणि टिकल्या. शिवणीच्या रेषेवरचे मणी आधी काढायला हवेत. तसंच मशीन चालवलं तर सुई तुटते, किंवा शिवण वर-खाली होऊन दोनदा बसल्या-उठल्यावर उसवते. काढलेले मणी शिवण झाल्यावर हाताने पुन्हा लावून घ्या. काखेत अस्तराची दुहेरी पट्टी लावा, नाहीतर पाच तास नाचल्यावर दंडाला ओरखडे उठतात. इस्त्री नेहमी उलट बाजूने, वर सुती कापड ठेवून.

माया. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे इंचभर माया ठेवा. कपडे अंगाबरोबर शिवण्याची तिथे पद्धत आहे आणि चोळीला आतून आकार टिकवणाऱ्या कडक पट्ट्याही (बोनिंग) घालतात. मापं महिनाभर आधी दिलेली असतात, आणि जेवणात जोलोफ भात, तळलेली केळी, पौंडेड याम येत राहतं. माया नसेल तर संध्याकाळी चेन लागत नाही.

अंकाराला आधी अर्धा तास थंड पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, कारण सुती कापड आटतं. मोठ्या नक्षीचं कापड कापताना शिंप्याजवळ उभं राहा. वर्तुळं, पक्षी, डोळे अशा ठसठशीत आकृत्या छातीवर किंवा मागे नको तिथे आल्या की कपडा कायमचा वाया जातो.

गेले बांधताना

गेले साधारण दोन वार लांब असतं. असो-ओकेचं जाड आणि वजनदार, 'सेगो' नावाचं चकचकीत कापड कागदासारखं कडक. कडक गेलेची घडी कधीच घालू नका. एकदा पडलेली चुणी इस्त्रीने जात नाही. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून न्या.

आधी क्रम लक्षात ठेवा: मेकअप, मग कानातलं, मग कपडे, सर्वांत शेवटी गेले. बूबा डोक्यातून घालायचा असतो, त्यामुळे गेले आधी बांधलं तर ते उतरवल्याशिवाय कपडे घालता येत नाहीत.

1. केस मानेवर सपाट बांधा. उंच अंबाडा नको, त्याने गेले मागे ढकललं जातं. वर साटनची पातळ टोपी किंवा रुमाल घट्ट बसवा.
2. कापडाची एक लांब कड तीन-चार इंच आत दुमडा. दुमडलेली कड कपाळावर, भुवयांच्या थोडी वर ठेवा. कानांचा वरचा अर्धा भाग झाकला जाईल, पाळी उघडी राहील. कान पूर्ण बाहेर राहिले तर गेलेला पकड मिळत नाही.
3. दोन्ही टोकं मागे नेऊन डोक्याच्या खालच्या उतारावर ओलांडा आणि घट्ट ओढा. एक टोक लांब, एक आखूड राहू द्या. आखूड टोक मदतनिसाने मागे धरून ठेवायचं.
4. लांब टोक पुढे आणताना कपाळावर बोटांनी एकावर एक चुण्या घ्या, प्रत्येक जेमतेम बोटभर रुंद. हीच खरी कलाकुसर. चुण्या नाकाच्या रेषेपासून एकाच बाजूला उलगडत जाव्यात. दर तीन-चार चुण्यांनंतर कानाजवळ लपवून पिन लावा.
5. टोक मागे नेऊन आखूड टोकाशी गाठ मारा, उरलेलं आत खोचा. मग वरचा भाग बोटांनी हलके उघडून पसरवा.

गाठ सैल असेल तर तासाभरात गेले मागे घसरतं. जास्त आवळली तर कपाळ ठणकू लागतं. तोंड उघडून जांभई द्या: कानाजवळ ताण जाणवावा पण दुखू नये. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने स्वतःच्या हाताने प्रयोग लग्नाच्या सकाळी करू नये. मेकअप करणाऱ्या बायका गेलेही बांधून देतात, त्यांची वेळ आधी ठरवा. दुसरा चांगला उपाय म्हणजे तयार बांधलेलं 'ऑटो गेले', जे टोपीसारखं चढवून मागे पट्टीने आवळता येतं. आपलं असो-एबी गेले कारागिराला देऊन तसं शिवून घेता येतं. डोक्याचा घेर कपाळापासून मोजून सांगा. विमानाने नेणार असाल तर ते हातातल्या खोक्यात न्यावं लागेल, बॅगेत चेपतं.

तरुण मुली आज पुष्कळदा गेलेशिवाय, केशरचना करून गाऊनमध्ये येतात. त्यांना ते चालतं. चाळिशीपुढच्या पाहुणीने पारंपरिक समारंभात गेले बांधावं असं आमचं स्पष्ट मत आहे. वडीलधाऱ्या बायका त्याने खरोखर सुखावतात. गेलेबरोबर मिळणारं इपेले, म्हणजे ओढणीसारखं कापड, खांद्यावर टाकायचं आणि नाचताना कमरेला गुंडाळायचं.

पुरुषांसाठी

आगबाडा हा तीन भागांचा: आत बूबा (इथे सैल सदरा) आणि शोकोटो (विजार), वरून जमिनीच्या दिशेने झुलणारा मोठा झगा. पूर्ण संचाला दहा वारांच्या आसपास कापड लागतं. तो सांभाळायचा सराव लागतो, दोन्ही बाजूंचा घोळ सारखा उचलून खांद्यांवर घ्यावा लागतो आणि जेवताना तो हमखास ताटात येतो. सवय नसलेल्याने साधा कफ्तान निवडावा, ज्याला तिथे 'सीनेटर' म्हणतात. गुडघ्यापर्यंतचा सदरा आणि सरळ विजार, चार-पाच वारांत होतो. आपला एकरंगी लांब कुर्ता आणि सरळ पायजमाही त्याच्या जवळ जातो. त्यावर असो-एबीची फिला घातली की काम झालं. फिला एका बाजूला कलती घालतात, पण ताणून बसवत नाहीत. डोक्याचा घेर सेंटीमीटरमध्ये कळवा, कारण घट्ट टोपी कलत नाही.

साडीच नेसायची असेल तर

असो-एबी घेतलेलं नसेल तर साडी उत्तम. जरीचा थाट तिथल्या डोळ्याला लगेच पटतो आणि पैठणीसमोर कुणी 'हे काय घातलं' म्हणत नाही. रंग मात्र आपल्या गटाच्या जवळचा घ्या. चर्चच्या लग्नात पांढरी, मोतिया किंवा सोनेरी काठांची क्रीम साडी टाळा, ती वधूशी स्पर्धा केल्यासारखी दिसते. निकाहला पूर्ण बाह्यांचा लांब ब्लाउज हवा, पोट दिसू नये आणि पदर डोक्यावर घेता यावा. साडीवर गेले बांधायचं असेल तर साडी एकरंगी आणि बारीक काठाची घ्या. भरजरी पदर आणि भरजरी डोकं एकमेकांना मारतात. पदराला दोन जास्त पिना लावा, कारण लागोसच्या लग्नात पाहुणा बसून राहत नाही.

'आफ्रिकन' दिसावं म्हणून बिबट्याच्या ठिपक्यांचे कपडे, ऑनलाइन मागवलेला दाशिकी किंवा पूर्व आफ्रिकेतल्या मासाईंचे मणी घालून जाऊ नका. त्यातलं काहीच योरुबा लग्नाचं नाही.

इग्बो, हौसा आणि पलीकडे

आग्नेय भागातल्या इग्बो लग्नात वधू ताडीचा पेला हातात घेऊन गर्दीत वराला शोधते. पुरुष सिंहमुखांची नक्षी असलेला इसियागु सदरा घालतात, पण लाल टोपी मानाचा किताब मिळालेल्या प्रमुखांची असते, पाहुण्याने ती कधीच घालू नये. प्रवाळाच्या मण्यांची एखादी माळ चालते. नायजेरियातल्याच बेनिन सिटीच्या वधूसारखा मण्यांचा मुकुट मात्र नको. बायका लेसच्या ब्लाउजखाली दुहेरी लुंगी नेसतात, आणि तिचं मानाचं कापड 'जॉर्ज' भारतातून येतं. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावरून ते नाव पडलं असं मानतात. नायजर नदीच्या मुखाजवळचे कलाबारी लोक तर मद्रासच्या चौकड्यांमधले निवडक धागे कापून त्यातून नवी नक्षी उठवतात.

उत्तरेकडच्या हौसा लग्नात नियम सोपा: बाह्या लांब, कपडे सैल, बायकांच्या डोक्यावर ओढणी. बरेच कार्यक्रम स्त्री-पुरुषांचे वेगळे होतात.

घानात लाल आणि काळा हे शोकाचे रंग. लागोसमध्ये शोभलेला लाल-काळा पोशाख कुमासीत नेऊ नका. उलट इथिओपियात पांढरा सुती पोशाखच सणासुदीचा आहे. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावर कांगा, म्हणजे छापील सुती वस्त्र, भेट मिळाला तर त्यावर छापलेली स्वाहिली ओळ कुणाकडून तरी वाचून घ्या, मगच नेसा. काही ओळी सरळसरळ टोमणे असतात.

त्या दिवशी

पत्रिकेतल्या वेळेपेक्षा कार्यक्रम उशिरा सुरू होतो आणि रात्रीपर्यंत चालतो. चप्पल घोट्याला पट्टा असलेली, टाच जाड. मांडव हिरवळीवर असला तर बारीक टाच रुतते. पावसाळ्यात, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, घेर घोट्याच्या वर ठेवा. खांद्याला अडकवता येईल अशी छोटी पर्स घ्या, कारण हात मोकळे लागतात. नाचणाऱ्यांवर नोटा उधळण्याची पद्धत तुम्हाला दिसेल, पण 2007 च्या मध्यवर्ती बँक कायद्यानुसार नायराच्या नोटा उधळणं आणि त्यांवर नाचणं गुन्हा आहे, आणि 2024 मध्ये यासाठी तुरुंगवासाची शिक्षाही झाली आहे. पैसे पाकिटात घालून द्या.

पर्समध्ये सेफ्टी पिना, कपड्याच्या रंगाचा दोरा भरलेली सुई, ब्लिस्टर पट्टी आणि घाम टिपायचा रुमाल असावा. सामानात अंकाराचा एक साधा कपडा वेगळा ठेवा. ख्रिस्ती घरांत रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना असते आणि तिथे आदल्या दिवशीची लेस घालून कुणी जात नाही. घरी परतल्यावर असो-ओके धुऊ नका, दिवसभर सावलीत वाऱ्यावर टाका आणि ड्रायक्लीनिंगला देताना त्यात धातूचा धागा आहे हे सांगा, म्हणजे ते गरम वाफ मारणार नाहीत.